तरवडाला अंगणात जागा द्या

पावसाळा सरत आला की अथणी-गोकाककडच्या माळावर, मुरमाड बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला पिवळ्याधमक फुलांची झुडपे दिसतात. तोच तरवड. कानडीत त्याला तंगडी म्हणतात, तेलुगूत तंगेडू. हैदराबादकडील वाचकांना त्याची ओळख नको. बतुकम्माच्या फुलांत त्याचा मान मोठा, आणि २०१४ साली तेलंगण राज्य झाले त्याच वर्षी ते राज्यपुष्प ठरले. आपण मात्र त्याला रानटी म्हणून कुंपणाबाहेर ठेवतो, आणि नळाला दोन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हिरवळ व कलमी गुलाब जगवायला घरातल्या बायकांना हंडे वाहायला लावतो. हे मला मुळीच पटत नाही.

तरवडाचे मूळ खोल जाते, म्हणून एकदा जम बसला की त्याला पाण्याची फारशी गरज राहत नाही. गुरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. थंडीनंतर तपकिरी, चपट्या शेंगा वाळल्या की बी काढून ठेवावे. त्याचे कवच टणक असते. पेरण्याआधी त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर भिजू द्यावे. पहिला पाऊस पडला की जागेवरच टोकावे, कारण मोठे रोप उपटून लावले तर सोटमूळ दुखावते. दोन झुडपांत चार फूट अंतर ठेवावे, ऊन भरपूर हवे. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी पुरे. शेणखताची घाई करू नका. बहर ओसरल्यावर शेंडे छाटले की झुडूप आटोपशीर राहते. पाणी साचणाऱ्या जागी मात्र ते कुजते. गोव्याच्या पावसात सखल जागी लावण्याचा हट्ट धरू नये.

शेंगवर्गातले झाड म्हणून ते मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते असे काहीजण सांगतात. या कुळातील तरवड, टाकळा यांच्या मुळांवर सहसा तशा गाठी येत नाहीत. पाला मात्र हिरवळीच्या खताला चांगला. फुलात मध नसतो. भुंगे येतात ते परागासाठी, आणि अंग थरथरवून ते झाडून घेतात. पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतात. लगेच फवारणीचा पंप काढू नका.

आता औषधाविषयी. मधुमेहावर तरवडाच्या फुलांचा काढा घेण्याची चाल जुनी आहे, आणि प्रयोगशाळेत उंदरांची रक्तशर्करा त्याने उतरलेली आढळली आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. काढ्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते; आणि दोन्ही एकत्र घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याचा धोका आहे. घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

शिवाय पिवळे फूल दिसले म्हणून ओरबाडू नये. रान कासविंदा त्याच कुळातला. त्याच्या शेंगा खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दगावलेली आहेत. तरवडाची पर्णिका लहान, टोकाला बोथट, आणि देठाच्या बुडाशी कानासारखे पान असते. कासविंद्याची पर्णिका मोठी, टोकदार, चुरगळली की उग्र वास येतो. तो अंगणात उगवला तर शेंगा धरण्यापूर्वीच उपटावा.