काटा उतरला, पण उतरले काय?

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेले रुग्ण आता आपल्या चिकित्सालयांतही येऊ लागले आहेत. कुणास मलावष्टंभ, कुणाचे केस गळतात, तर कुणास काटा थबकल्याची चिंता. अशीच एक रुग्णा आमच्याकडे आली. वर्षभरात तिचे वजन पुष्कळ उतरले होते. आणखी थोडे उतरावे म्हणून तिने मेदोहर गुग्गुळ मागितला. आम्ही लिहून देणारही होतो. परंतु खुर्चीवरून उठताना तिने दोन्ही हात टेकले, आणि आमची लेखणी थांबली. टेप लावली असता पोटरी अवघी ३० सेंमी भरली. तिला गरज लेखनाची नव्हे, बृंहणाची होती.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश ह्या दोहोंस निंदित मानले आणि प्रशंसिले ते सममांसप्रमाण शरीर. विमानस्थानातील प्रमाणपरीक्षेतही मोजमाप आहे ते अवयवांचे, स्वांगुलीने. आपण मात्र ही परीक्षा ग्रंथात ठेवून वजनकाट्यास शरण गेलो आहोत.

शस्त्रक्रियेनंतर उतरणारे सर्वच वजन मेदाचे नसते. साधारणतः त्याचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून अधिक, मेदविरहित भागाचा असतो. त्यात मांसही येते. ही हानी मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होते, आणि अस्थींची घनताही घटते. वजन व उंचीवरून काढलेला बीएमआय मेद आणि मांस ह्यांतील भेद सांगू शकत नाही.

डेक्सा तपासणी गावोगावी कोठून आणावी, असे काही वैद्यबंधू विचारतील. सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने शरीरघटक मोजणारी यंत्रे स्वस्त झाली आहेत खरी. पण शरीरातील जलांश बदलला की त्यांचे आकडेही बदलतात, आणि पेसमेकर असलेल्यास ती वर्ज्य होत. आमच्या मते टेप, खुर्ची आणि वही एवढ्यावर आरंभ करता येतो. कटीचा घेर शेवटची बरगडी व कटीचे हाड ह्यांच्या मध्यावर, सहज उच्छ्वासाच्या अंती घ्यावा. सैल त्वचेमुळे तो फसवा ठरू शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच रीतीने मोजून आकड्यांची तुलना करावी. पोटरी पुरुषांत ३४ सेंमीहून व स्त्रियांत ३३ सेंमीहून कमी असेल, किंवा हात न टेकता पाच वेळा खुर्चीवरून उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर मांसक्षयाची शंका घ्यावी. अशा रुग्णास लंघन, लेखन वा तीव्र विरेचन देणे हा आमच्या मते प्रज्ञापराधच होय. त्याचा आहार, विशेषतः त्यातील प्रथिने, आणि व्यायाम आधी पाहावा. शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाशीही बोलावे.

औषधालयांच्या चालकांनाही आमची विनंती आहे. मेदोहर कल्प मागणाऱ्यास 'वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे काय?' एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास त्यास आधी वैद्याकडे पाठवावे. त्याला दिलेली बी१२, लोह, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्वाची औषधे बहुधा आजन्म घ्यावयाची असतात. ती बंद करण्याचा सल्ला आपल्या गल्ल्यावरून कदापि जाऊ नये.

एक गिऱ्हाईक परत गेले तर थोडी विक्री बुडेल. पण मांस गमावलेल्या रुग्णास आणखी कृश केले, तर बुडेल ती आपल्या शास्त्राची पत.