टोपलीभर माती आणि वकिलाची फी

आमच्या निधीतर्फे दरवर्षी शाळांमध्ये कथाकथनाची स्पर्धा होते. रायपूरची मुले हिंदीत बोलतात, मराठी घरांतलीही, आणि दर एकदोन वर्षांनी कुणी ना कुणी माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ निवडतेच. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. तो वकिलांचे खिसे गरम करतो, कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवतो आणि म्हातारीला बाहेर काढतो. काही दिवसांनी म्हातारी येते आणि नातीसाठी चूल घालायला झोपडीतली टोपलीभर माती मागते. टोपली जमीनदाराला उचलत नाही, म्हातारी त्याला दोन शब्द सुनावते, त्याचे डोळे उघडतात आणि झोपडी परत मिळते. मुलगी ही गोष्ट सांगते तेव्हा पुढच्या रांगेतल्या आम्हा कमिटीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येते. आम्ही तिला ढाल देतो.

त्याच आम्ही तीन वर्षांपूर्वी एका खऱ्या म्हातारीला वकिलाची फी नाकारली. ‘आम्ही’ म्हणते आहे, कारण त्या बैठकीत मी होते आणि गप्प होते.

निधी लहान आहे. मूल नसलेल्या एका शिक्षक दांपत्याने मागे ठेवलेली रक्कम, तीत चाळीसेक कुटुंबांनी घातलेली भर, आणि त्यावरचे व्याज. नाव सांगत नाही. दोष एकट्या निधीचा नाही, आणि अशा निध्या या शहरात, नागपुरात, इंदुरात, जिथे जिथे मराठी माणूस चार पिढ्या राहिला तिथे तिथे आहेत. वह्यापुस्तके, चष्मे, डायलिसिससाठी मदत, गुणवंतांचा सत्कार. मी बँकेत चौतीस वर्षे काढली, त्यामुळे हिशेब माझ्याकडे आला. हिशेब चोख आहे. तक्रार हिशेबाबद्दल नाहीच.

अर्ज गरियाबंदच्या पलीकडच्या एका गावातून आला होता. 2006 च्या वनाधिकार कायद्याखाली ग्रामसभेने मंजूर केलेले तीसेक दावे उपविभागीय समितीने फेटाळले होते. त्यावर जिल्हा समितीकडे दाद मागायला कायदा साठ दिवस देतो. त्यांनी मागितले होते 28,000 रुपये: वकिलाची फी, जुन्या नोंदींच्या नकला, शेतांची मोजणी आणि चार फेऱ्यांचे बसभाडे. अर्ज घेऊन आलेली बाई सत्तरीची असेल. तिने हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडला होता आणि बेरीज बरोबर होती.

बैठकीत आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “हे राजकीय आहे.” झाले. त्या शब्दापुढे आमच्यात कुणाचे काही चालत नाही. कुणी म्हणाले, पुढच्या बैठकीपर्यंत विचार करू. आमच्या बैठका दोन महिन्यांनी होतात. पुढच्या बैठकीआधीच तिचा फोन आला. “साठ दिन पूर गे, दीदी,” एवढेच म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती मला वेळ झाल्याचे कळवत होती, जसे दूधवाला उद्या येणार नाही म्हणून कळवतो.

दावा फेटाळला जाणे म्हणजे काय, हे ज्यांना कागदी वाटते त्यांनी 13 फेब्रुवारी 2019 आठवावी. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जंगलातून हटवा, असा आदेश दिला. देशभरात दहा लाखांहून अधिक कुटुंबांच्या डोक्यावर तलवार आली. 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने स्थगिती दिली, म्हणून ती पडली नाही. मधले पंधरा दिवस ज्या गावांत कुणाला झोप लागली नाही, त्यांत या बाईचे गाव होते.

आता ‘राजकीय’ या शब्दाकडे वळू. चष्मा दिला तर समाजकार्य, आणि त्या चष्म्याने नोटीस वाचून माणूस कचेरीत गेला की राजकारण? कायद्याची भीती दाखवली जाते, म्हणून कायदाच पाहू. न्यासाने पक्षाला पैसे देऊ नयेत, निवडणुकीत उतरू नये, हे मला मान्य आहे आणि त्यात मी सर्वांत कडक असेन. पण संसदेने केलेल्या कायद्याखाली, त्याच कायद्याने नेमलेल्या समितीपुढे दाद मागणे म्हणजे पक्षाचे काम नव्हे. परदेशी देणग्यांच्या बाबतीत सरकारचे नियम याहून कितीतरी करडे आहेत. तिथेसुद्धा 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने आपल्या हक्कासाठी संप-निदर्शनाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून ती राजकीय ठरत नाही. आमच्या निधीत तर परदेशातून एक डॉलर कधी आलेला नाही. आम्ही जो नियम पाळतो आहोत तो कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही.

आणि खऱ्या राजकीय पैशाला या देशात केवढा मान आहे, तेही पाहा. 1961 च्या आयकर कायद्यात पक्षाला चेकने दिलेली देणगी उत्पन्नातून पूर्ण वजा होते. आमच्यासारख्या निधीला दिलेली बहुधा निम्मी. 2017 मध्ये कंपन्यांनी पक्षांना किती द्यावे यावरची मर्यादा काढून टाकली आणि वर निवडणूक रोख्यांचा पडदा आणला. तो फाडायला 15 फेब्रुवारी 2024 उजाडावी लागली. आमच्या कमिटीतल्या दोघांच्या दुकानांत निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांची पावतीपुस्तके येतात आणि दोघेही मुकाट्याने पावत्या फाडून घेतात. त्याला ते ‘व्यवहार’ म्हणतात. राजकारण फक्त 28,000 रुपयांचे.

हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. लाखेनगरातून रोज जाणाऱ्या किती मराठी माणसांना हे लाखे कोण ते सांगता येईल? वामन बळिराम लाखे, रायपूरचे वकील. सप्र्यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, रामराव चिंचोलकर संपादनात जोडीला होते, आणि प्रकाशक म्हणून भार लाखे यांनी उचलला. तीन मराठी माणसे, मासिक हिंदी, जागा छत्तीसगढ. (आपली भाषा कोणती याची चिंता त्यांनी केली नाही, ती आम्ही करतो, पावसाळी संमेलनात, भजी खात.) मासिक तोट्यातच चालले आणि तीन वर्षांनी बंद पडले. त्या टोपलीभर मातीची गोष्ट 1901 साली त्यातच छापली गेली. म्हणजे ज्या गोष्टीवर आम्ही ढाल देतो ती जगात आली ती कुणीतरी परतफेडीची आशा न ठेवता पैसे बुडवले म्हणून. लाखे तिथे थांबले नाहीत. 1913 मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी करण्यात ते पुढे होते, कारण शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता. पुढे असहकाराच्या काळात त्यांनी रायसाहेबी परत केली. 1930 च्या आंदोलनात रायपूरकरांनी ज्या पाच पुढाऱ्यांना पांडव म्हटले, त्यांतले युधिष्ठिर लाखेच. मासिक, बँक, तुरुंग. यातले समाजकार्य कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते, ते आमच्या ज्येष्ठांनी मला नकाशावर दाखवावे.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. बाहेरचा पैसा आला की लढणारे मवाळ होतात. देणाऱ्याचे तोंड पाहून बोलू लागतात. हे खोटे नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर दल्ली राजहरा आहे, भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारे. 1977 च्या गोळीबारात तिथले अकरा कामगार गेले. शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतल्या खाणकामगारांनी त्यांच्या नावाने शहीद हॉस्पिटल उभे केले, ते 3 जून 1983 रोजी उघडले, आणि तेही स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या श्रमाने. नियोगींचा 1991 मध्ये भिलाईत झोपेत खून झाला. हॉस्पिटल आजही चालू आहे. म्हणजे आमच्यावाचून कुणाचे अडलेले नाही, हे कबूल. पण खाणीत पगार असतो आणि पगारातून वर्गणी निघते. मोहाची फुले वेचणाऱ्या गावात साठ दिवसांत 28,000 कुठून निघणार?

शिवाय मवाळ न करता देता येते. ऐंशीच्या दशकात श्रीराम लागू, निळू फुले, नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत नट-नटी घेऊन गावोगाव केले, आणि जमलेल्या रकमेच्या व्याजातून परिवर्तनाच्या चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्यांना दरमहा मानधन सुरू केले. विनोदी नाटकाला हसून परतलेल्या प्रेक्षकाला आपले तिकीट कुणाच्या घरातल्या तांदळात गेले हे कळतही नसे. नावातच सगळे आहे: कृतज्ञता. उपकार आम्ही करत नाही, आम्ही देणे लागतो, असे देणाऱ्यानेच म्हणायचे. मग तोंड पाहून बोलायची पाळी कुणावर येते?

आमच्या ज्येष्ठांना भीती आहे, आणि ती मला कळते. बिनायक सेनांचा खटला याच शहरातल्या कोर्टात चालला. 24 डिसेंबर 2010 ला जन्मठेप सुनावली गेली तेव्हा तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात टीव्ही पाहताना कुणी एक अक्षर बोलले नव्हते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, पण तो धडा शहराच्या अंगात मुरला. घाबरलो म्हणायला हवे होते. ‘राजकीय आहे’ म्हणालो, त्यामुळे भ्यायलेले आम्ही शहाणे दिसलो आणि ती बाई संशयित.

मी ठराव लिहून दिला आहे. व्याजाचा पाचवा हिस्सा कायदेशीर मदतीसाठी. कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला नाही. मुदतीच्या अर्जाला पंधरा दिवसांत, बैठकीची वाट न पाहता, लेखी उत्तर. नकार दिला तर कारण लिहून, आणि ‘राजकीय’ हा शब्द कारण म्हणून चालणार नाही. बैठक दसऱ्यानंतरच्या रविवारी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. स्पर्धेची तारीख मात्र ठरली आहे, ढालींची ऑर्डरही गेली.