सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

उपकेंद्राच्या नर्सेस आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यात संवाद नाही म्हटले, की उत्तर ठरलेले : व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पोर्टल आहे, दरमहा बैठक होते, आणखी काय हवे? आहेत, हे खरे. पण तिथे चालते ती वसुली. लसीकरण किती झाले, नोंदणी किती राहिली, फोटो का टाकला नाही! आकडे वर जातात. सिस्टरने विचारलेल्याचे उत्तर मात्र खाली येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यातली पहिलटकरीण घ्या. सिस्टर तिचा वाढलेला रक्तदाब टिपते, जोखमीची माता म्हणून नोंद करते. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते. माहेर कधी शिरोळ तालुक्यात, कधी सीमेपलीकडे कर्नाटकात निपाणीकडे. बाळंतपण कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात होते आणि डिस्चार्ज कार्ड तिच्या पिशवीत राहते. सासरच्या सिस्टरला खबर नाही, माहेरच्या सिस्टरकडे जुनी नोंद नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जायचे असते. बातमी दहाव्या दिवशी कळली, तर पहिल्या दोन भेटी बुडाल्या. बाळंतिणीचा रक्तदाब उसळण्याचा धोका नेमका याच पहिल्या आठवड्यात मोठा असतो.

डॉक्टरांना वेळ नाही, हा दुसरा बचाव. सपाटीवर 30 हजार, डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक केंद्र. ओपीडी, शवविच्छेदन, बैठका. ताण खराच आहे. म्हणूनच तर 3 ते 5 हजार लोकांची दारे ओळखणाऱ्या सिस्टरचे ऐकायला हवे! जिल्ह्यातल्या 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर तरी हे पटायला हवे होते. पाणी चढू लागल्यावर कोणत्या गल्लीत कोण दिवस भरलेली आहे, हे तिला आणि आशाताईलाच ठाऊक असते. आदेश पाळणे एवढेच तिचे काम, असे मानणारे हे ज्ञान वाया घालवतात.

करायचे ते साधे आहे. डिस्चार्जच्याच दिवशी रुग्णालयाने, बाळंतीण जिथे राहणार तिथल्या उपकेंद्राला फोन करावा, सीमेपलीकडे असले तरी. मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास सिस्टरांच्या प्रश्नांना द्यावा, प्रश्न इतिवृत्तात लिहावेत आणि पुढच्या बैठकीत आधी त्यांची उत्तरे वाचावीत. पावसाळ्याच्या तोंडावर पूरगावांच्या सिस्टरांना नियोजनाला बसवावे.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने येत्या बैठकीपासूनच हे सुरू करावे. त्यासाठी नवे पोर्टल लागत नाही.