हंगामात साठवू, बंदीत दात नीट करू

 

येत्या आमसभेत मी एक विषय मांडणार आहे. तो आधी इथे लिहितोय, म्हणजे घराघरात बोलणं होईल आणि सभेत कोणी "हे अचानक कुठून आलं" असं म्हणणार नाही. विषय जाळ्याचा नाही, बीजाचा नाही, तलावाच्या ठेक्याचाही नाही. विषय दातांचा आहे. हसू नका, पूर्ण वाचा.

उचल मागायला माणूस येतो तेव्हा कारण सांगतो. जाळं, नावेची दुरुस्ती, लग्न, पोरांची फी, आजारपण. दाढ दुखतेय म्हणून उचल द्या, असं सहसा कोणी म्हणत नाही. लाज वाटते. दात म्हणजे काय आजार आहे का, असं आपणच ठरवून टाकलंय. मग गालाला फडकं बांधून माणूस जाळं टाकतो, लवंग धरतो, मेडिकलवरून गोळी आणतो. महिना-महिना गोळ्या खाऊन पोट आणि किडनी बिघडते ते वेगळंच. शेवटी गाल सुजला की सावकाराकडे किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडे हात पसरतो. व्यापारी पैसे देतो, पण पुढच्या मासळीचा भावही तोच ठरवतो. म्हणजे दाढेचा खर्च एकदाच होत नाही, हंगामभर काट्यावर कापला जातो.

बरेच जण म्हणतात, आपल्याकडे आयुष्मान कार्ड आहे ना. आहे, आणि ते काढलंच पाहिजे. 2018 पासून ही योजना सुरू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना ते लागू झालंय. पण नीट समजून घ्या. हे कार्ड दवाखान्यात भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. अपघातात जबडा मोडला, तोंडात गाठ झाली, कॅन्सर झाला, तर ते कामाला येतं. दात भरणं, रूट कॅनल, हिरड्यांचे उपचार, इम्प्लांट हे त्यात बसत नाही.

मच्छीमारांचा अपघात विमा आहे, तोही चांगला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर अडीच लाख, आणि अपघातात दवाखान्यात भरती झालात तर 25 हजारांपर्यंत. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. पण तो अपघाताचा विमा आहे. किडलेली दाढ म्हणजे अपघात नाही. कारखान्यात ज्याचा ई.एस.आय. कापला जातो त्याला दाताचा इलाज मिळतो. आपल्याला ई.एस.आय. नाही. तेव्हा दाताचा खर्च आपल्याच खिशातून होणार, हे एकदा मान्य करूया. प्रश्न इतकाच आहे की तो खिसा एकट्याचा असावा की सगळ्यांचा.

आता खर्च कसा वाढतो ते बघा. लहानशी कीड असताना दात भरला तर काम शेकड्यांत होतं. कीड आत नसेपर्यंत गेली की रूट कॅनल आणि वर कॅप, म्हणजे हजारांत. दात काढून तिथे इम्प्लांट बसवायचं म्हटलं तर एका दाताचे वीस-तीस हजार किंवा जास्तही सांगतात. त्यामुळे आपल्यासारख्याचा इलाज एकच उरतो, काढून टाका. एक काढला, दुसरा काढला, आणि पन्नाशीत माणूस भाकरी कालवणात भिजवून खातो. पू गळ्यापर्यंत उतरला तर श्वास अडकून जीवही जाऊ शकतो. म्हणून दाढेबरोबर ताप, गळ्याला सूज, गिळायला त्रास असं झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आपल्या धंद्याची खरी अडचण मात्र वेगळी आहे. रूट कॅनल किंवा कवळीला एका दिवसात भागत नाही, चार-पाच चकरा होतात. हंगामात हातात थोडा पैसा असतो, पण वेळ नसतो. एक दिवस जाळं टाकलं नाही की दिवसाची कमाई गेली. आणि 16 जून ते 15 ऑगस्ट, आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते तेव्हा वेळच वेळ असतो, पण पैसा नसतो. वेळ आणि पैसा यांची गाठ कधी पडतच नाही, म्हणून दात राहून जातात.

माझा प्रस्ताव ही गाठ घालून देण्याचा आहे. हंगामात काट्यावर किलोमागे दोन रुपये वेगळे काढायचे. त्याला दंत निधी म्हणा किंवा काहीही म्हणा. समजा एका सभासदाची हंगामात हजार किलो मासळी तोलली गेली, तर त्याचे दोन हजार जमा होतील. असे चाळीस सभासद धरले तर ऐंशी हजार. बंदी सुरू झाली की या पैशातून बिनव्याजी कर्ज द्यायचं, समजा प्रत्येकी आठ हजारांपर्यंत. म्हणजे दहा घरांचं मोठं काम एका बंदीत होईल. फेड पुढच्या हंगामात, पुन्हा काट्यावरच, थोडी थोडी. ज्याने कर्ज घेतलं नाही त्याचे पैसे त्याच्या नावावर जमा राहतील, बुडणार नाहीत.

दुसरं म्हणजे इंदूरला एकत्र जायचं. तिथे एम.वाय. हॉस्पिटलजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, 1961 पासूनचं. शिकणारे डॉक्टर काम करतात, वर शिकवणारे बघतात. वेळ जास्त लागतो, पण फी खाजगी दवाखान्यापेक्षा बरीच कमी असते. उज्जैनहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एकटा माणूस जायला बिचकतो, आठ-दहा जण मिळून गाडी केली तर भाडंही वाटलं जातं आणि धीरही येतो. महाराष्ट्रातले आपले नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे अशीच सरकारी दंत महाविद्यालयं आहेत.

आता आक्षेप. पहिला, "संस्थेचा पैसा बीज आणि जाळ्यासाठी आहे." बरोबर, म्हणूनच त्या पैशाला हात लावायचा नाही. हा वेगळा निधी, वेगळं खातं. उपविधीत बसवून, आमसभेचा ठराव करून आणि सहकार खात्याला विचारूनच सुरू करायचा. दुसरा, "माझे दात चांगले आहेत, मी का देऊ?" भाऊ, आज चांगले आहेत. आणि घरात तुम्ही एकटे नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे, "घेऊन फेडलं नाही तर?" म्हणून पैसे हातात द्यायचे नाहीत, दवाखान्याची पावती बघून तिथेच भरायचे, आणि फेड काट्यावर कापायची. जो आपली मासळी बाहेर विकून कपात चुकवेल त्याला पुढे कर्ज नाही.

एक अट माझी. कर्ज घरातल्या कोणासाठीही मिळालं पाहिजे, फक्त सभासदासाठी नाही. बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या आपल्या बायकांचे दात सगळ्यात शेवटी बघितले जातात. आधी नवरा, मग पोरं, मग सासू. तिची पाळी येईपर्यंत दात उरत नाही.

निधी होईपर्यंत काय करायचं? फुटपाथवर दात बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका. दाताचा इलाज करायला नोंदणी असलेला डॉक्टरच लागतो, 1948 पासून तसा कायदा आहे. डॉक्टरने मोठा खर्च सांगितला तर कागदावर लिहून मागा, आणि विचारा की यातलं आज काय केलंच पाहिजे आणि काय सहा महिने थांबेल. विचारायला लाजू नका. दवाखान्यात हप्त्यावर कर्ज देतात, तिथे सही करण्याआधी प्रोसेसिंग फी आणि उशिराचा दंड किती ते बघा.

आणि ज्याला पैसा लागत नाही ते आजपासून करू शकतो. जाळं दुरुस्त करताना नायलॉनचा दोरा दाताने तोडू नका, समोरच्या दातांना खाचा पडतात. कात्री जवळ ठेवा. गुटख्यावर सगळ्यात आधी बंदी आपल्याच राज्याने घातली, 2012 साली. पण पान मसाला आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या पुड्या मिळतात आणि रात्री नावेवर जागायला आपण त्या एकत्र करतोच. तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, आत पांढरा डाग किंवा न भरणारी जखम असेल तर लगेच दाखवा.

नाव गळायला लागली तर आपण ती बुडेपर्यंत थांबत नाही, लगेच डांबर लावतो. तोंडाचंही तसंच करायचं आहे. सभेला येताना घरात बोलून या. दोन रुपये जास्त वाटत असतील तर एक म्हणा, पण नाही म्हणायचं असेल तर दुसरा मार्ग काय ते सांगा. घरातल्या बायकांनाही सभेला घेऊन या, त्यांचं मत आधी ऐकू.

आपला,
सचिव