खोगीर आणि त्याची भरती

एखाद्या महामंडळावर मर्जीतल्या माणसांची वर्णी लागली, अथवा दिवाळी अंकात चार वाचनीय लेखांच्या आडोशाने पन्नास पाने कशीबशी भरून काढलेली दिसली, की आमचे टीकाकार ‘खोगीरभरती’ हा शब्द फेकून मोकळे होतात; आणि या शब्दाचा अर्थ ‘अनावश्यक गर्दी’ एवढाच असावा, अशी त्यांची समजूत दिसते. माझ्या मते तो अर्थ अपुरा आहे, आणि हा शब्द जिथून आला त्या घोड्याच्या पाठीपर्यंत गेल्यावाचून तो पुरा होणार नाही.

खोगीर शब्द फारसी. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. तेव्हा घोड्याच्या पाठीचा घाम टिपून घेणारी जी जाड गादी, ते खोगीर. हाच ‘गीर’ बारगिरातही आहे. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. पण ‘बार’ म्हणजे ओझे, हे ध्यानात घेतले तर हे नाव मुळात ओझे पेलणाऱ्या जनावराला शोभणारे होते, आणि ते वर बसणाऱ्याला चिकटले याची मौज वाटते. पर्याण हा संस्कृत शब्द आणि त्यापासून झालेले पालाण आपल्याकडे होतेच. परंतु स्वारांच्या तोंडी खोगीर इतके रुळले, की भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्तेही त्याला पायउतार करू शकले नाहीत.

आता भरतीचा विचार. स्वाराचा सगळा भार घोड्याच्या कण्यावर पडून चालत नाही. तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर सारखा विभागला गेला पाहिजे, आणि ते काम खोगिराच्या पोटातली भरती करते. लोकर, कापूस, चिंध्या, गवत, जे हाताशी असेल ते तिथे जाते, वरून कातडे किंवा जाड कापड शिवले जाते, आणि आत काय आहे याची चौकशी कोणी करीत नाही. पण भरती गोळा होऊन कुठे टेंगूळ आले, की तिथली कातडी सोलवटते, पाठ धरते, आणि उत्तम घोडा ऐन मोहिमेत निरुपयोगी होतो.

म्हणजे खोगिरात भरती नको, असे ‘खोगीरभरती’ या शब्दातल्या थट्टेत कोठेच नाही. भरतीवाचून खोगीर हे केवळ कातड्याचा अभ्रा. थट्टा आहे ती ‘काहीही चालेल’ या वृत्तीची. ज्या समितीची मुळी गरजच नाही, तिला खुशाल फापटपसारा म्हणावे. परंतु समिती हवी आहे, तिच्या जागाही हव्या आहेत, आणि त्या जागांवर कोण बसतो याची मात्र कोणाला फिकीर नाही, तिथेच खोगीरभरती हा शब्द नेमका बसतो. दुसऱ्या प्रकारचा अपराध अधिक गंभीर, कारण त्यात पाठ सोलवटते ती वर बसलेल्याची नव्हे. हिंदी-उर्दूतही ‘खोगीर की भरती’ याच अर्थाने रूढ आहे, तेव्हा या थट्टेचे सारे श्रेय मराठी खवचटपणाला देता येत नाही. मात्र आपल्याच पुस्तकाला ‘खोगीरभरती’ नाव देण्याची खेळकर वृत्ती पु. ल. देशपांड्यांची.

राहता राहिले लेखन. अलीकडे मथळ्यांत ‘खोगिरभरती’ असा ऱ्हस्व दिसू लागला आहे, तो सर्वस्वी चूक आहे. मूळ फारसी ‘गीर’ दीर्घच. शिवाय मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणेही तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहावयाचा, आणि मीठभाकरीतले मीठ जसे समासात आपले रूप सोडीत नाही, तसेच खोगीरही सोडीत नाही. विभक्तिप्रत्यय लागताना मात्र खोगिराला, खोगिराचे असा ऱ्हस्व येतो. आणि मुलूखगिरीचा शेवट ईकारान्त असल्यामुळे तिच्यातला तोच ‘गीर’ ‘गि’ होऊन ऱ्हस्व राहतो.