पापुआ न्यू गिनी : देशात माणसं किती, या साध्या प्रश्नाचं उत्तर इथे इतकं अवघड का आहे?

मे २०२३ मध्ये एक व्हिडिओ भारतात प्रचंड व्हायरल झाला होता. पंतप्रधान नरेंद्र मोदी विमानातून उतरले आणि स्वागताला आलेल्या पापुआ न्यू गिनीच्या पंतप्रधानांनी, म्हणजे जेम्स मरापे यांनी, वाकून त्यांच्या पायांना स्पर्श केला. आपल्याकडे अनेकांनी या देशाचं नाव तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर वर्षभरानं, २४ मे २०२४ च्या पहाटे, याच देशातल्या एंगा प्रांतात डोंगराचा कडा कोसळला. यांबाली गाव झोपेत असतानाच गाडलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक संस्थेनं मृतांचा अंदाज दिला ६७० चा. सरकारनं सांगितलं, २ हजारांहून जास्त लोक ढिगाऱ्याखाली आहेत. प्रत्यक्षात हाती लागलेले मृतदेह मोजकेच होते.

दोन आकड्यांमध्ये तिपटीचा फरक कसा? कारण त्या गावात मुळात किती माणसं राहत होती, याची खात्रीशीर नोंदच नव्हती. आणि हा प्रश्न एका गावापुरता नाही, अख्ख्या देशाचा आहे.

हा देश नेमका कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला न्यू गिनी नावाचं मोठं बेट आहे. त्याचा पश्चिम भाग इंडोनेशियाकडे आहे. पूर्व भाग आणि आजूबाजूची शेकडो बेटं मिळून पापुआ न्यू गिनी हा देश होतो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दीडपट. १६ सप्टेंबर १९७५ ला तो ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनातून स्वतंत्र झाला.

इथले दर १०० पैकी ८५ हून जास्त लोक खेड्यांत राहतात. जगातल्या सर्वांत ग्रामीण देशांमध्ये याची गणना होते. राजधानी पोर्ट मोर्सबी आणि लाए ही देशातली दोन मोठी शहरं. पण या दोन शहरांना जोडणारा रस्ताच नाही. जायचं तर विमानानं किंवा समुद्रमार्गे.

भाषा ८०० हून अधिक आहेत. एवढ्या भाषा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. उंच डोंगर, दाट जंगल आणि खोल दऱ्यांमुळे एका खोऱ्यातली माणसं दुसऱ्या खोऱ्यापासून पिढ्यानपिढ्या वेगळी राहिली आणि प्रत्येकाची बोली वेगळी वाढली. एकमेकांशी बोलायला ‘टोक पिसिन’ ही इंग्रजीच्या आधारानं घडलेली भाषा वापरली जाते.

इथली माणसं जगतात कशी?

मुख्यतः स्वतःच्या शेतावर. डोंगराळ भागात रताळं हे रोजचं अन्न. डुकरं ही संपत्ती. लग्नात, भांडण मिटवताना, नुकसानभरपाईत डुकरं दिली जातात. हातात रोकड येते ती बहुतेकदा कॉफीच्या पिकातून.

ही शेती आजकालची नाही. इथल्या कुक नावाच्या दलदलीच्या जागी हजारो वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा सापडल्या आहेत आणि युनेस्कोनं २००८ मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या शिवारात डोलणारा ऊसही मूळचा याच बेटावरचा मानला जातो.

जमिनीचा हिशेबही वेगळा आहे. देशातली सुमारे ९७ टक्के जमीन परंपरेनं त्या त्या कुळीच्या सामाईक मालकीची आहे. कोणा एकाच्या नावावर सातबारा असावा तसा प्रकार नाही. त्यामुळे शेतकरी सहसा भूमिहीन होत नाही, हा मोठा फायदा. पण खाण आली, गॅस सापडला, की पैसा कुणाला द्यायचा यावरून संघर्ष सुरू होतो. बूगनविल बेटावरच्या पांगुना तांब्याच्या खाणीवरून असाच वाद पेटला. १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि पुढची सुमारे दहा वर्षं यादवीत गेली. २०१९ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ९८ टक्के मतदारांनी स्वतंत्र देशाच्या बाजूनं कौल दिला.

अडीअडचणीला धावून येतो तो ‘वांटोक’. म्हणजे आपलीच बोली बोलणारा, आपला माणूस. नोकरी, उपचार, शहरात राहायला जागा, सगळीकडे वांटोक. सरकार पोहोचत नाही तिथे हेच नातं आधार देतं. मात्र नोकरभरती आणि सरकारी पैशाच्या वाटपात हेच नातं वशिला बनतं.

मग मोजणीचा घोळ काय आहे?

बाहेरच्या जगाचा या देशाबद्दलचा अंदाज पूर्वीही चुकला होता. १९३० च्या दशकापर्यंत मधल्या डोंगरांत कुणी राहत नसावं, असा ऑस्ट्रेलियन लोकांचा समज होता. सोनं शोधणारे आत शिरले, तेव्हा तिथे सुमारे १० लाख माणसं शेती करून राहत असल्याचं उघड झालं.

२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७३ लाख भरली. २०२२ मध्ये सरकारी अंदाज ९४ लाखांच्या आसपास होता. त्याच वर्षाच्या शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं झालेल्या एका अभ्यासाचा आकडा माध्यमांत फुटला : १ कोटी ७० लाख! उपग्रहांच्या छायाचित्रांतून घरं मोजून तो काढला होता. पुढे २०२१ सालासाठी सुमारे १ कोटी १८ लाखांचा सुधारित अंदाज जाहीर झाला. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली होती, ती २०२४ मध्ये घेण्यात आली.

आकडा चुकला तर बिघडतं काय?

लस किती मागवायची, शिक्षक किती लागतील, दवाखाना कुठे बांधायचा, हे सगळं माणसांच्या संख्येवर ठरतं. २००० मध्ये पोलिओमुक्त ठरलेल्या या देशात २०१८ मध्ये पोलिओ परत आला आणि २०२५ मध्ये पुन्हा आढळला. लसीकरणापासून सुटलेली मुलं हे त्याचं मोठं कारण. जे मूल कुठल्याच यादीत नाही, ते सुटलं हे तरी कळणार कसं?

२०२२ च्या निवडणुकीत अनेकांना मतदार यादीत आपलं नावच सापडलं नाही. दरडोई उत्पन्नाचंही तेच. गॅस आणि सोन्याच्या निर्यातीतून आलेला पैसा ९४ लाखांनी भागायचा की १ कोटी १८ लाखांनी? भाजक बदलला की देश कागदावर आणखी गरीब होतो.

दरम्यान, मोठ्या देशांची इथली ये-जा वाढली आहे. अमेरिकेनं मे २०२३ मध्ये संरक्षण सहकार्य करार केला, ऑस्ट्रेलियानं ऑक्टोबर २०२५ मध्ये परस्पर संरक्षणाचा करार केला. दोघांनाही काळजी चीनच्या वाढत्या वावराची. भारतानंही भूस्खलनानंतर १० लाख डॉलरची मदत जाहीर केली. नकाशावरच्या जागेमुळे या देशाचं वजन वाढतंय, पण त्या वजनाचा उपयोग डोंगरातल्या खेड्यापर्यंत पोहोचायचा तर आधी ते खेडं सरकारच्या वहीत असायला हवं.

भारताची शेवटची पूर्ण झालेली जनगणनाही २०११ चीच, आणि पुढची २०२७ ची. आपल्याकडे रेशनकार्डापासून आधारपर्यंत माणसाची नोंद ठेवणारे इतर मार्ग आहेत, त्यामुळे दोन्ही देशांची थेट तुलना होणार नाही. पण जनगणना म्हणजे दारावर येणारा सरकारी कंटाळा, असं ज्यांना वाटतं, त्यांनी यांबालीचा विचार जरूर करावा. तिथे फावड्यांनी आणि हातांनी माती उपसणाऱ्या गावकऱ्यांना आपलं कोण कोण गेलं, हे ठाऊक होतं. सरकारला मात्र गेलेल्यांचा आकडाही सांगता आला नाही.