‘घरी पाय घसरून पडला’: केस पेपरवरच्या एका ओळीची किंमत

सदाशिव पेठेत सध्या कुठल्याही बोळात शिरा, एखादा तरी जुना वाडा पत्र्याआड गेलेला दिसेल. आत पाडकाम चालू असतं, नाहीतर स्लॅबचं काम. परांचीवर स्लिपर घातलेला माणूस असतो आणि त्याच्या कमरेला पट्टा असलाच, तर तो कुठेही अडकवलेला नसतो. हा माणूस पडला की जवळच्या दवाखान्यात आणला जातो. केस पेपरवर पहिली ओळ लिहिली जाते: ‘घरी पाय घसरून पडला.’

ही ओळ जखमी माणूस सांगत नाही. सोबत आलेला मुकादम किंवा ठेकेदार सांगतो, आणि डॉक्टर लिहून घेतात. जखमी माणूस बेशुद्ध असतो, किंवा शुद्धीवर असून गप्प असतो, कारण मागची मजुरी आणि पुढचं काम दोन्ही त्याच ठेकेदाराच्या हातात आहे. माझं भांडण ठेकेदाराशी नंतर. आधी आपल्याच व्यवसायाशी आहे.

‘आमचं काम उपचार करणं, कोर्टकचेरी नाही,’ असं आपले अनेक सहकारी म्हणतात. पण अपघात कसा झाला हे विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. दुसऱ्या मजल्यावरून पायांवर पडलेल्या माणसाचं टाचेचं हाड मोडलं, तर त्याच्या कंबरेच्या मणक्याचाही एक्स-रे काढायचा, हे विद्यार्थी असताना आपल्याला घोकून घेतलं जातं. उंचावरून पडलेल्याची मान आधी स्थिर करायची, पोटात रक्तस्राव नाही ना हे पाहायचं. ‘घरी पडला’ असं लिहिलं की टाचेला प्लास्टर घालून माणूस घरी जातो आणि मणका तसाच राहतो. म्हणजे त्या खोट्या ओळीने उपचारही चुकतात.

आता पैशाचं बघू. कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारा कायदा १९२३ चा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण पाया तोच: इजा कामामुळे आणि काम करताना झाली असेल, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. म्हणून सगळा खेळ ‘काम करताना’ या दोन शब्दांवर आहे, आणि त्या शब्दांचा पहिला पुरावा तुमच्या केस पेपरवर असतो. तिथे ‘घरी’ असं लिहिलेलं असेल, तर विमा कंपनीच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत.

आकडाच घ्या. पेठांमध्ये अजून छापखाने आणि बाइंडिंगची दुकानं आहेत. कागद कापायच्या मशीनखाली तर्जनी पूर्ण गेली, तर १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात तिची किंमत १४ टक्के आहे, अंगठ्याची ३० टक्के. तीस वर्षांचा, महिना १५ हजार पगाराचा माणूस असेल, तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने, म्हणजे २०७.९८ ने, गुणायचं आणि त्याचे हे टक्के काढायचे. तर्जनीचे सुमारे २ लाख ६२ हजार होतात, अंगठ्याचे सुमारे ५ लाख ६१ हजार. ईएसआय लागू असेल तर हिशेब वेगळा, तिथे दरमहा रक्कम मिळते. ठेकेदार काय देतो? दवाखान्याचं बिल आणि गावी जायचं भाडं. त्यावर आपण म्हणतो, ‘माणूस चांगला आहे, सगळा खर्च केला.’ इलाजाचा खर्च हा भरपाईहून वेगळा आणि तोही मालकानेच द्यायचा, हे २००९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. त्यात उपकार कसला?

‘त्याचीच चूक, पट्टा लावला नव्हता’ हे दुसरं पालुपद. नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण होत नाही. दारू पिऊन काम करणं, स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं, एवढेच बचाव मालकाला आहेत. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तेही चालत नाहीत.

टक्क्यांच्या दाखल्यातही आपण घोळ घालतो. हात किती निकामी झाला हा एक प्रश्न, आणि या माणसाची कमाई किती बुडाली हा दुसरा. ओरिसातल्या जेपूर इथे एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, अपंगत्व अंशतः आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. आपण मात्र सुतार, शिपाई आणि कारकून तिघांना एकाच मापाने मोजून सही करतो. दाखल्यावर पेशंटचं नेमकं काम लिहा आणि ते त्याला आता जमेल का, तेही लिहा.

२९ जून २०१९ ला कोंढव्यात भिंत कोसळून १५ जण गेले. ३ फेब्रुवारी २०२२ ला येरवड्याच्या शास्त्रीनगरमध्ये लोखंडी जाळी कोसळून ५ मजूर गेले. अशा वेळी वर्तमानपत्रं येतात, मदत जाहीर होते. एकट्या माणसाचं एक बोट गेलं तर बातमी होत नाही, त्याच्यासाठी फक्त केस पेपर असतो.

तेव्हा डॉक्टरांनो, मुकादमाला बाहेर बसवा आणि पेशंटला एकट्याला विचारा: कुठे, किती उंचीवरून, कुठल्या मशीनवर, किती वाजता, काम कोणाचं. तो सांगतो तेच, त्याच्याच शब्दांत लिहा. एमएलसी नोंदवा; पोलिसांचा एक फोन आला तर येऊ दे.

कामगाराच्या घरच्यांनी केस पेपर, एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. साइटचा फोटो आणि सोबतच्या दोघांचे फोन नंबर ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. तडजोड झालीच तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवून घ्यावी. दाव्याची मुदत जुन्या कायद्यात दोन वर्षांची होती, पण थांबू नका, साक्षीदार गावी निघून जातात. ठेकेदार पळाला तरी मूळ बिल्डरकडे दावा करता येतो.

आणि ज्यांच्या वाड्याचं काम चालू आहे त्यांनी बिल्डरला गॅलरीच्या टाइल्सबद्दल विचारता तसंच हेही विचारा: मजुरांचा विमा आहे का, पॉलिसी दाखवा.